किलोमागे किती मिलिग्रॅम?

१२ जुलै २०१८ या दिवशी गोव्यात एकाच मासळीबद्दल दोन सरकारी निष्कर्ष लोकांसमोर आले. सकाळी अन्न व औषध प्रशासनाच्या पथकाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात जाऊन परराज्यांतून आलेल्या मालाचे नमुने जागेवरच तपासले आणि काही नमुन्यांत फॉर्मेलिन असल्याचे कळले. त्याच दिवशी प्रयोगशाळेतील तपासणीचा हवाला देऊन प्रशासनाने सांगितले, की सापडलेले फॉर्मल्डिहाइड अनुज्ञेय मर्यादेत आहे. सकाळची बातमी ऐकून ज्यांनी मासळी टाकून दिली होती, त्यांना संध्याकाळी कोणावर विश्वास ठेवावा हे कळेना.

दिवस मासेमारीबंदीचे होते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत. हरमल, मोरजी, केरी या पेडण्याच्या किनाऱ्यांवर होड्या माडांच्या सावलीत ओढून ठेवलेल्या असतात. डिचोलीला तर समुद्रच नाही. तिथल्या घरांत या दोन महिन्यांत सुक्या मासळीचा साठा असतो, नदीचे थोडे काही असते आणि बाकी सगळे बर्फ घातलेल्या ट्रकमधून येते. कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा असा त्या बांगड्याचा आणि इसवणाचा प्रवास असतो. इतक्या लांबून आलेली मासळी टिकते कशी, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून होतीच. त्याच वर्षी जूनमध्ये केरळच्या अन्नसुरक्षा विभागाने राज्याच्या सीमेवर फॉर्मेलिन घातलेली हजारो किलो मासळी पकडली होती. त्यामुळे गोव्यातली भीती हवेतून आलेली नव्हती.

१८ जुलैला मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांनी महिनाअखेरपर्यंत बाहेरची मासळी आणण्यावर बंदी जाहीर केली. विधानसभेत गदारोळ झाला. पण लोकांनी जो प्रश्न विचारला, तो सगळ्या गदारोळापेक्षा नेमका होता. फॉर्मेलिनला मासळीत टिकाऊ द्रव्य म्हणून कायद्याने परवानगीच नाही. मग जे मुळातच निषिद्ध आहे, त्याची ‘अनुज्ञेय मर्यादा’ कुठून आली?

या प्रश्नाला रसायनशास्त्रात खरे उत्तर आहे. ते तेव्हा साध्या भाषेत लोकांपर्यंत पोहोचले नाही, आणि आजही पुरेसे पोहोचलेले नाही असे मला वाटते. हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

*

फॉर्मल्डिहाइड हा एक कार्बन अणू असलेला अगदी लहान रेणू. तो पाण्यात साधारण ३७ ते ४० टक्के विरघळवला की त्याला फॉर्मेलिन म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयांत अवयव टिकवायला वापरतात ते हेच. प्रथिनांच्या साखळ्या तो एकमेकींना बांधून टाकतो, म्हणून मांस कुजत नाही आणि घट्ट राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. तो निर्णय मुख्यतः श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या फॉर्मल्डिहाइडच्या पुराव्यावर झाला होता. अन्नातून जाणाऱ्याबद्दल पुरावा तितका ठाम नाही, पण म्हणून कोणी ते मासळीवर शिंपडावे असे होत नाही.

अडचण अशी, की हाच रेणू निसर्गही तयार करतो. आपल्या स्वतःच्या रक्तात तो दर लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम इतका सतत असतो. पेशींच्या रोजच्या कामात तो बनतो आणि लगेच मोडतो. समुद्रातल्या मासळीत तो वेगळ्या वाटेने येतो. खाऱ्या पाण्याचा दाब सहन करण्यासाठी मासळीच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य साठलेले असते. मासळी मेल्यावर त्याचे दोन प्रकारे विघटन होते. जंतू वाढले तर त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन बनते. शिळ्या मासळीचा जो वास सगळ्या घराला कळतो, तो मुख्यतः याचाच. मासळी खूप थंड ठेवली आणि जंतूंना आवरले, तर मासळीतलेच एक विकर कामाला लागते आणि त्याच द्रव्यापासून डायमिथाइलअमाइन आणि फॉर्मल्डिहाइड ही जोडी बनते. म्हणजे गोठवून नीट जपलेल्या मालातही फॉर्मल्डिहाइड सापडू शकते, आणि त्यात कोणी काही मिसळलेले नसते.

सगळ्या मासळीत हे सारखे होत नाही. बोंबील ज्या कुळातला आहे, त्या कुळात हे विकर विशेष तेज असते. बोंबलात नैसर्गिक फॉर्मल्डिहाइड किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या घरातही गेलेले संशोधकांना आढळले आहे. बांगड्यात ते त्या मानाने फारच कमी असते. तेव्हा ‘फॉर्मल्डिहाइड सापडले’ एवढ्या वाक्याला अर्थ नाही. कोणत्या मासळीत, किलोमागे किती, आणि ते कोणत्या पद्धतीने मोजले, हे तिन्ही सांगितल्याशिवाय ते वाक्य अपुरे राहते.

बाजारात वापरतात तो तपासणी-संच रंगावर चालतो. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने बनवलेला असा संच त्या वर्षी खूप चर्चेत होता. मासळीवर कागदी पट्टी घासायची, तिच्यावर द्रावणाचा थेंब टाकायचा आणि रंग पाहायचा. काही मिनिटांत आणि थोड्या रुपयांत काम होते. ट्रकसमोर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला त्याहून उपयोगी काही नाही. पण रंग ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो, आणि तो रंग माणसाचा डोळा वाचतो. पहाटेच्या दिव्याखाली फिकट आणि गडद यांतला फरक ठरवायचा म्हणजे शंकेला जागा राहतेच. संचाने संशय दाखवायचा आणि मोजमाप प्रयोगशाळेने करायचे, अशी ही वाटणी आहे. त्या दिवशी ही वाटणी लोकांना सांगायला हवी होती. तसे न झाल्याने एका दिवसात दोन निकाल लागले असे चित्र उभे राहिले.

*

प्रयोगशाळेत जे होते त्याला क्रोमॅटोग्राफी म्हणतात. फार्मा कंपन्यांत काम करणाऱ्या गोव्यातल्या तरुणांना हा शब्द नवा नाही. वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी, तुये, डिचोली अशा औद्योगिक वसाहती, त्यांत औषधांचे कारखाने, आणि प्रत्येक कारखान्यात गुणवत्ता विभाग. साखळीच्या सरकारी महाविद्यालयातून किंवा म्हापसा-पणजीहून रसायनशास्त्रात बीएससी करून बाहेर पडणाऱ्या पेडणे-डिचोलीच्या मुलामुलींना पहिली नोकरी अनेकदा याच विभागात मिळते. ‘एचपीएलसीवर बसतो’ असे ते घरी सांगतात, आणि घरच्यांना ते यंत्र एखाद्या संगणकासारखे वाटते. प्रत्यक्षात त्याचे हृदय म्हणजे हातभर सुद्धा लांब नसलेली पोलादी नळी आहे. तिच्यात सूक्ष्म कणांची भुकटी ठासून भरलेली असते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका तोंडाने शंभर माणसे एकाच वेळी आत शिरली असे समजा. ज्याला काही घ्यायचे नाही तो सरळ चालत दुसऱ्या टोकाला पोहोचतो. जो प्रत्येक पाटीपाशी थांबतो तो उशिरा बाहेर येतो. नळीतही हेच होते. मासळीचा अर्क द्रवाच्या प्रवाहाबरोबर आत जातो. ज्या रेणूंना भुकटीची ओढ कमी असते ते लवकर बाहेर येतात, ज्यांना जास्त असते ते मागे राहतात. दुसऱ्या टोकाला बसवलेला शोधक प्रत्येकाची वेळ आणि प्रमाण नोंदवतो. कागदावर एकामागून एक शिखरे उमटतात. शिखराची वेळ रेणूची ओळख सांगते आणि शिखराखालचे क्षेत्रफळ त्याचे प्रमाण सांगते.

ही कल्पना मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाची. १९०३ साली वॉर्सा इथे त्याने ती पहिल्यांदा मांडली. पानांचा हिरवा अर्क त्याने खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून खाली सोडला, आणि हिरवा, पिवळा, नारिंगी असे वेगळे पट्टे तयार झाले. त्याच्या हयातीत फार थोड्यांनी याकडे लक्ष दिले. पुढे १९४१ मध्ये इंग्लंडच्या लीड्समध्ये, लोकरीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत, आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी या तत्त्वाला नवे रूप दिले. १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. आज जगात अन्नातले विष, रक्तातले औषध किंवा खेळाडूच्या लघवीतले उत्तेजक शोधायचे असेल, तर कुठे ना कुठे ही नळी असतेच.

फॉर्मल्डिहाइडची एक पंचाईत आहे. तो इतका लहान असतो की शोधकाच्या प्रकाशात नीट दिसत नाही. म्हणून डायनायट्रोफिनाइलहायड्रझिन नावाच्या द्रव्याशी त्याची गाठ घालून देतात. त्यातून जे पिवळट संयुग तयार होते ते साधारण ३६० नॅनोमीटरचा प्रकाश ठळकपणे शोषते. नळीतून ते बाहेर येते तेव्हा शिखर स्पष्ट दिसते. मासळीतले इतर शेकडो पदार्थ आपापल्या वेळी निघून गेलेले असतात, त्यामुळे त्यांचा गोंधळ होत नाही. रंगाच्या पट्टीला हे वेगळे करणे जमत नाही.

पण एकटे शिखर पाहून अहवाल लिहिता येत नाही. विश्लेषक आधी कोरा नमुना चालवतो, ज्यात फॉर्मल्डिहाइड नाही हे माहीत असते. मग ज्ञात प्रमाणाची द्रावणे चालवून मोजपट्टी तयार करतो. नंतर स्वच्छ मासळीत मोजून फॉर्मल्डिहाइड घालतो आणि ते किती परत मिळते हे पाहतो. कीटकनाशकांच्या तपासणीत हे उत्तर ७० ते १२० टक्क्यांच्या आत यावे असा दंडक आहे. नमुना दोनदा चालवतो. एखाद्या दिवशी पंप बिघडला किंवा नळी जुनी झाली, तर पूर्ण दिवसाचे काम रद्द होते. अहवालातल्या ‘३.२’ अशा एका आकड्यामागे इतकी कामे असतात. बाजारातल्या वादात या माणसांचे कष्ट कोणी लक्षात घेत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

नळीलाही एक गोष्ट सांगता येत नाही. फॉर्मल्डिहाइड घातलेले की मासळीतच बनलेले, हे फक्त त्याच्या शिखरावरून कळत नाही, कारण रेणू एकच आहे. इथे त्याच्या जोडीदाराचा उपयोग होतो. नैसर्गिक विघटनात फॉर्मल्डिहाइडच्या एका रेणूबरोबर डायमिथाइलअमाइनचाही एक रेणू बनतो. दोन्ही मोजले आणि फॉर्मल्डिहाइड जोडीदारापेक्षा पुष्कळ जास्त निघाले, तर ते बाहेरून आले असण्याचा संशय बळावतो. म्हणजे एका आकड्याऐवजी दोन आकडे घेतले की संशयाचे रूपांतर पुराव्यात होऊ लागते.

*

आता पत्रादेवीकडे या. राष्ट्रीय महामार्गावर महाराष्ट्रातून गोव्यात शिरताना पेडणे तालुक्यातला हा पहिला नाका. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात इथे गोळ्या झेललेल्यांचे स्मारक इथेच आहे. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडची मासळी याच वाटेने पेडणे आणि म्हापशाला येते. डिचोलीच्या बाजूला दोडामार्गची दुसरी वाट आहे. भाजी मात्र उलट दिशेने, बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे येते. गोव्याच्या स्वयंपाकघराची उत्तरेकडची दारे ही या दोन तालुक्यांत आहेत.

२०१८ च्या दिवाळीच्या सुमारास गोवा सरकारने बाहेरून मासळी आणणाऱ्यांसाठी अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी आणि बर्फ नीट धरणारी बंदिस्त वाहने सक्तीची केली. नाक्यावर गाड्या थांबल्या, काही परत गेल्या. सिंधुदुर्गातले मच्छीमार संतापले, आणि त्यांचा संताप समजण्यासारखा होता. रात्री मालवणला उतरलेला बांगडा सकाळी पेडण्यात विकायला येतो. त्याला फॉर्मेलिन लागण्याचे कारणच नाही. आंध्रातून दोन दिवस प्रवास करून आलेला ट्रक आणि वेंगुर्ल्याहून पहाटे निघालेला टेम्पो यांना एकच नियम लावला, तर धोका कुठे आहे हे ओळखण्याचे काम सरकारने टाळले असा अर्थ होतो. वाहन बंदिस्त असावे हे बरोबरच आहे. पण वाहनाचा दाखला म्हणजे मासळीची तपासणी नव्हे.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो. त्यांतला एक अन्न विश्लेषकाकडे जातो आणि विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस मिळतात. खटला चालवायला ही मुदत योग्य आहे. पण डिचोलीच्या बुधवारच्या बाजारातला बांगडा दुपारपर्यंत संपलेला असतो. म्हणून नाक्यावर पट्टी आणि प्रयोगशाळेत नळी ही दोन्ही हवीत. पट्टीने संशय आला तर गाडी थांबवायची आणि नळीने त्याच दिवशी मोजून सांगायचे. पत्रादेवीहून अन्न व औषध प्रशासनाची बांबोळीची प्रयोगशाळा तासाभराच्या अंतरावर आहे. मासळीचा अर्क काढून एक नमुना चालवायला दिवस पुरतो. हे अशक्य काम नाही.

मर्यादेचा प्रश्न सुटायला २०१९ साल उजाडले. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मासळीत नैसर्गिकरीत्या असणाऱ्या फॉर्मल्डिहाइडसाठी मासळीच्या प्रकाराप्रमाणे मर्यादा जाहीर केल्या. सर्वांत खालची मर्यादा किलोमागे ४ मिलिग्रॅम, आणि बोंबलाच्या कुळासारख्या मासळीसाठी सर्वांत वरची १०० मिलिग्रॅम. घालायला मुभा नाही, ही भूमिका कायम राहिली. २०१८ च्या जुलैमध्ये हे आकडे कागदावर असते, तर ‘अनुज्ञेय मर्यादा’ या शब्दांवरून रस्त्यावर भांडणे झाली नसती.

*

पेडण्याची दुसरी मौल्यवान वस्तू हरमलची मिरची. २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्याच्या किती तरी घरांत वर्षभराची मिरची उन्हाळ्यात भरून ठेवतात आणि तिच्या रंगावरून आमटीची पारख होते. मिरची जितकी लाल तितकी महाग, आणि म्हणून लाल रंग मिसळण्याचा मोहही मोठा. सुदान नावाचे औद्योगिक रंग यासाठी वापरले गेले आहेत. खाद्यपदार्थांत ते निषिद्ध आहेत. २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरचीपासून बनलेल्या मालात सुदान-१ सापडला आणि युरोपीय संघाने तपासणी सक्तीची केली. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये अशी मिरचीपूड घातलेल्या वूस्टर सॉसमुळे चारशेहून अधिक पदार्थ बाजारातून काढून घ्यावे लागले. नळीत मिरचीचा स्वतःचा लाल रंग एका वेळी बाहेर येतो आणि सुदान दुसऱ्या वेळी. त्स्वेतने पानांचे रंग वेगळे केले, त्याच कामाचे हे वंशज आहे. तिखटपणाही याच नळीत मोजतात. १९१२ मध्ये अमेरिकेत विल्बर स्कोव्हिलने चव घेणाऱ्या माणसांच्या जिभेवर त्याची श्रेणी बसवली होती. मानांकनाच्या मिरचीच्या नावाखाली दुसरीच मिरची विकली जात असेल, तर हरमलच्या शेतकऱ्याच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष अशीच देता येईल.

*

यंत्राबद्दल एक गोष्ट महाराष्ट्राचे द्राक्षबागायतदार फार मोठी किंमत देऊन शिकले. २००३ मध्ये युरोपला गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर देशात अंशांवर नियमित देखरेख सुरू झाली आणि पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचे काम आले. नाशिक-सांगलीची द्राक्षे तपासून, दाखला घेऊन जाऊ लागली. तरीही २०१० मध्ये युरोपात कंटेनर अडकले. कारण होते क्लोरमेक्वाट क्लोराइड. वेलीची वाढ आवरण्यासाठी बागायतदार ते वापरत होते. आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतेच. शिवाय ते पाण्यात अतिशय सहज विरघळते, त्यामुळे शेकडो कीटकनाशके एकत्र काढणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. द्राक्षे भारतीय यंत्रात निर्दोष निघाली आणि युरोपीय यंत्रात दोषी ठरली. दोन्ही यंत्रे बरोबर होती, कारण त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे होते.

युरोपात ज्या द्रव्याची वेगळी मर्यादा नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. भारतातही आता तसेच आहे. एक लाख टन द्राक्षांत एक किलो, इतके हे प्रमाण आहे. बेळगावहून साखळीला उतरणाऱ्या भाजीला हीच मर्यादा लागू आहे. तेव्हा ‘तपासणी झाली, काही सापडले नाही’ असे कोणी म्हणाले, तर काय काय शोधले होते याची यादी मागितली पाहिजे.

*

डिचोली-सत्तरीच्या टेकड्यांवर मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडूंचा वास पसरलेला असतो. कोळंबीत, म्हणजे बोंडू तुडवण्याच्या जागेत, काढलेला रस आंबवतात. पहिल्यांदा गाळला की हुर्राक, दुसऱ्यांदा गाळला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गोव्यातले हे पहिले. तिची ताकद जुन्या भट्टीवाल्यांना फेसावरून कळते आणि ती ‘ग्राव’ या मापाने मोजतात. पण ताकद म्हणजे सगळे काही नाही. फळात पेक्टिन असते. आंबताना त्यातून थोडे मिथेनॉल सुटते, आणि कोणत्याही फळाच्या मद्यात ते अल्पांशाने असतेच. प्रश्न पुन्हा ‘किती’ हाच असतो. जीभ, फेस आणि ग्राव या तिन्हींना मिथेनॉल आणि साधा अल्कोहोल यांतला फरक कळत नाही.

हा फरक वायू क्रोमॅटोग्राफीत कळतो. इथे द्रवाऐवजी वायूचा प्रवाह असतो. नळी पाव मिलिमीटर व्यासाची आणि तीस मीटर लांब असते. तिचे वेटोळे भट्टीत ठेवून हळूहळू तापवतात. मिथेनॉल आधी बाहेर येते, इथेनॉल नंतर, आणि फेणीला तिचा ओळखीचा वास देणारे इतर घटक आपापल्या वेळी. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती दारू मिथेनॉलची होती. मिथेनॉल यकृतात गेल्यावर त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड होते आणि मग फॉर्मिक आम्ल. डोळे आणि जीव घेणारे ते आम्लच. मासळीतला तो लहान रेणू माणसाच्या यकृतात असा पुन्हा भेटतो. रुग्णाच्या रक्तात मिथेनॉल आहे का, हेही याच यंत्राने कळते, आणि जितके लवकर कळेल तितके उपचाराला बळ मिळते.

वाहनचालकाच्या रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. रक्ताची कुपी बंद करून गरम करतात, वरची हवा सुईने ओढून यंत्रात सोडतात. न्यायालयात फुंकणीच्या यंत्रापेक्षा हा अहवाल भक्कम ठरतो. कारण उघड आहे. तो वेगळे करून मोजतो आणि पुन्हा पडताळता येतो.

*

शेवटी प्रत्येक वाचकाने स्वतःच्या घरातला एक कागद काढून पाहावा. २०२३ च्या जूनमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. गोव्यात दर चौथ्या माणसाच्या घरी गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर दाखवणारा एचबीए१सी अहवाल असणारच. त्यावर तपासणीची पद्धत छापलेली असते, आणि बहुधा ती एचपीएलसी असते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार नळीत वेगळे होतात, साखर चिकटलेला भाग मोजला जातो, आणि सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचे वेगळे हिमोग्लोबिन असले तर तेही शिखरांत दिसते. त्या कागदावर आकडा असतो, शेजारी मर्यादा असते, पद्धत असते, प्रयोगशाळेचे नाव, तारीख आणि सही असते. म्हणूनच साडेसहा हा आकडा पाहून माणूस गोडधोड सोडतो आणि डॉक्टरांकडे जातो. आकड्यावर त्याचा विश्वास असतो.

पेडण्याच्या मासळी बाजारात ‘बाये, बर्फातलें न्हय मगे?’ असे विचारणाऱ्या बाईला असा एकही कागद दिसत नाही. तिला विक्रेतीच्या शब्दावर, मासळीच्या डोळ्यांवर आणि कल्ल्यांच्या रंगावर भागवावे लागते. फॉर्मेलिन लावलेल्या मासळीत हीच पारख फसते, कारण मांस घट्ट राहते. धुतल्याने वरचे काही जाते, पण प्रथिनांना बांधले गेलेले राहते. सरकारी प्रयोगशाळेत यंत्रे आहेत, ती चालवणारी शिकलेली मुले याच तालुक्यांतली आहेत, मर्यादा ठरलेल्या आहेत. मग निकाल लोकांसमोर का येत नाहीत?

पेडणे, डिचोली, साखळी आणि म्हापसा या बाजारांत दर महिन्याला मराठी आणि कोकणीत एक फलक लागावा, अशी माझी मागणी आहे. त्यावर नमुना कोणत्या दिवशी कोणत्या नाक्यावरून घेतला, मासळी कोणती, पद्धत कोणती, किलोमागे किती मिलिग्रॅम सापडले आणि मर्यादा किती, हे लिहिलेले असावे. भाजीसाठी शोधलेल्या कीटकनाशकांची यादीही त्याच फलकावर असावी. सिंधुदुर्गातून आलेल्या स्वच्छ मासळीचेही नाव त्यावर येऊ दे, म्हणजे तिथल्या मच्छीमाराला त्याच्या मालाची इज्जत परत मिळेल. ग्रामसभेत, पालिकेच्या बैठकीत, आमदारांच्या दारी हे मागा. आणि पुढच्या जुलैमध्ये कोणी ‘मर्यादेत आहे’ असे म्हणाले, तर मर्यादेचा आणि मोजमापाचा असे दोन्ही आकडे लिहून मागा.